आतून मूठ नसलेलं दार

लिफ्ट तशी माझीच. मालकीची नव्हे, पण आमच्या इमारतीतल्या त्या डब्याचा स्वभाव माझ्याइतका कुणालाच ठाऊक नाही. तिची केबल मी बदलली, बटणं मी बसवली, आणि दोन मजल्यांच्या मध्ये ती क्षणभर अडखळते ते मात्र काही केल्या मला दुरुस्त करता आलं नाही. म्हातारी माणसं जिन्यात कंबरेवर हात ठेवून थांबतात तशी थांबते आणि मग पुढे जाते. माझ्या मुलीला तो झटका फार आवडायचा. ती चालायला लागली तेव्हापासून लिफ्टचं बटण दुसऱ्या कुणी दाबलं तर रडून आकांत करायची, म्हणून तिचं नावच बटण पडलं. मधले काही आठवडे लिफ्ट बंद होती. सुटा भाग येत नव्हता, आणि लिफ्टवाल्याच्याच इमारतीत लिफ्ट बंद म्हणून लोक माझी टर उडवत होते. त्या शुक्रवारी ती चालू झाली. बटणला शाळेतून आणलं, मोठ्या दिमाखात दार उघडलं आणि म्हटलं, ‘‘या राणीसरकार, दाबा.’’ तिने दाबलं नाही. मी दाबलं. दार लागलं, आणि मधे तो नेहमीचा झटका बसला तशी तिने माझा हात सोडला. कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. हात जोडले, डोळे गच्च मिटले. तिच्या पायाशी पाणी पसरलं तेव्हा आधी मला वाटलं, तिच्या बाटलीचं झाकण सैल असेल. वर आल्यावर दार उघडलं. तिने डोळे उघडले नाहीत. भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, ‘‘झाले का मी चांगली?’’

बाहेर खालच्या मजल्यावरची शेजारीण कडेवर बाळ घेऊन उभी होती. आमच्याच चर्चमधली. वर आमच्याकडेच आली होती, रविवारी बाळाच्या बाप्तिस्म्याला नक्की या म्हणून पुन्हा एकदा सांगायला. तिने बटणचा ओला फ्रॉक पाहिला आणि भल्या बाईने न पाहिल्यासारखं केलं. ‘‘होतं हो लहान मुलांचं,’’ असं काहीसं म्हणाली. मी हसलो. काय बोललो ते आठवत नाही. माझ्या कानात ते चार शब्दच होते. प्रश्न म्हणून ते आपले साधे शब्द, कुठलंही पोर कुणालाही विचारेल असे. पण त्यांचा ठेका मला ठाऊक होता. ‘झालास का चांगला?’ आधी दारावर बोटाच्या पेराने हलकी टकटक, मग हा प्रश्न, आणि आतून उत्तर द्यायचं, ‘झालो.’ मग उजेड. हे मला ताईशिवाय दुसऱ्या कुणी विचारलेलं नाही, आणि जगात दुसरं कुणी विचारत असेल असंही मला कधी वाटलं नव्हतं. मुलीचा हात धरून मी घरात गेलो, तेव्हा तिच्यापेक्षा माझाच हात जास्त गार होता.

ताई माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दुपट्यातच होतो म्हणायचं. वडील छापखान्यात, कधी दिवसपाळी, कधी दुसरी पाळी. ताईनेच मला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत घातलं, बोलायला आणि प्रार्थना करायलाही तिनेच शिकवलं. आणि ताईनेच मला कपाटात ठेवलं. भिंतीतलं कपाट होतं, वडिलांचे कोट लटकवायचं. त्या कोटांना शाईचा वास यायचा. दाराखालून उजेडाची एक फट दिसायची आणि त्या फटीत ताईच्या पावलांची सावली असायची. ती तिथून हलायची नाही. मी आत बसून माझी पापं शोधायचो. शोधून सापडली नाहीत की एखादं बनवायचो, म्हणजे पश्चात्तापाला काही हाताशी असावं. मग टकटक, मग प्रश्न, मग ताईचे साबणाचा वास येणारे हात. ती मला उचलून छातीशी इतकं घट्ट धरायची की श्वास कोंडायचा. हे सगळं मी आजवर विनोद म्हणून सांगत आलो. माझ्या लग्नात, पाहुण्यांसमोर, ताईच्या खांद्यावर हात टाकून म्हणालो होतो, ‘‘हिने मला कपाटात वाढवलं, म्हणून तर मी डब्यांच्या धंद्यात गेलो.’’ सगळे पोट धरून हसले होते. ताईही हसली होती. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी मी बाहेरून बोलतो, घाबरू नका, मी इथेच आहे, हवा भरपूर आहे, असं सांगतो, आणि ते शांत होतात. माझा आवाज फार चांगला आहे असं सगळे म्हणतात. तो आवाज कुठून आला हे मी कधी विचारलं नव्हतं स्वतःला.

जेवायला बसलो. बायकोने फ्रॉक धुऊन वाळत टाकला होता. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांना हे नीट दिसतं का, ते नीट दिसतं का विचारते, आणि घरी आल्यावर न विचारता सगळं बघते. जेवणाआधीची प्रार्थना बटण म्हणते. त्या दिवशी तिने म्हटली, पण डोळे सताड उघडे ठेवून, दिव्याकडे बघत. बायको म्हणाली, ‘‘अगं, डोळे मिट ना.’’

‘‘नको. तिकडे डोळे मिटले की दोनदा अंधार होतो.’’

‘‘तिकडे म्हणजे कुठे?’’

‘‘झग्यांच्या खोलीत.’’ ती भाताशी खेळत राहिली. ‘‘आत्या म्हणते तिथे प्रभू असतो, एकटं असलं की भेटतो. मी हात लावून लावून बघितलं. नुसते झगे होते.’’

बायकोने माझ्याकडे पाहिलं. चर्चमधल्या गायकवृंदाचे पांढरे झगे ठेवायची ती चिंचोळी खोली, वेदीच्या मागच्या भिंतीला लागून. तिचं दार आम्ही दोघांनी शेकडो वेळा पाहिलेलं. दारावर चित्र आहे, प्रभू बसला आहे आणि मांडीवर, गुडघ्यांशी, खांद्यावर पोरंच पोरं. ताईनेच ते लावलंय. रविवारची शाळा ती माझ्या लहानपणापासून चालवते, चर्चच्या मंडळीतलं निम्मं जग तिच्या हाताखालून गेलेलं. आवाज न चढवता, लिफ्टवाल्याच्या आवाजात मी बटणला विचारलं, ‘‘तू काय केलं होतंस गं?’’ आणि विचारताक्षणी माझीच मला किळस आली. तिने थोडा विचार केला. म्हणाली, ‘‘आठवत नाही. पण मी तिथे बसून एक शोधलं.’’

शनिवारी सकाळी ताईकडे गेलो. जाताना मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिचे ते हात येत होते. ती बाळाच्या बाप्तिस्म्याचा पांढरा टॉवेल इस्त्री करत होती. हे काम तिचंच, दुसऱ्या कुणाची इस्त्री तिला पसंत पडत नाही. मी एका दमात सांगून टाकलं. लिफ्ट, फ्रॉक, डोळे. ती इस्त्री फिरवत राहिली.

‘‘मी आजवर एकाही लेकरावर हात उगारलेला नाही,’’ ती म्हणाली. ‘‘विचार कुणालाही. आत उशी ठेवलीय मी. दंगा करणारं पोर थोडा वेळ शांत बसतं, बाहेर आलं की जवळ घेते. आज चर्चमध्ये उपदेश करतात त्या पाळकसाहेबांनासुद्धा ठेवलंय मी आत, त्यांच्या लहानपणी. झाले की नाही पाळक?’’

‘‘ताई, प्रभूने पोरांना मांडीवर घेतलं. कपाटात नाही ठेवलं.’’

‘‘मला नको शिकवूस. तू बिघडलास का? सांग ना. चांगला धडधाकट आहेस, चार पैसे मिळवतोस, बायको-पोर आहे. कपाटाने तुझं काय वाकडं केलं?’’

काय वाकडं झालं हे सांगायला वाकडं नसलेलं काय ते आधी ठाऊक असावं लागतं. मी म्हणालो, ‘‘मला कळायचंच नाही गं, मी काय केलंय ते.’’

इस्त्री थांबली. ‘‘तू काहीच केलेलं नसायचं,’’ ताई म्हणाली. मग तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्याकडे न बघता बोलू लागली. वडील जिना चढताना त्यांच्या बुटांचा आवाज कसा येतो त्यावरून तिला कळायचं. पावलं सरळ वाजली तर ठीक. वेडीवाकडी वाजली की ती मला उचलून कपाटात घालायची आणि दारापुढे उभी राहायची. पोराला मी आधीच शिक्षा केलीय, बाबा, तुम्ही दमलात, बसा. असं सांगायची. ‘‘कधी ऐकायचे, कधी पट्टा काढायचे.’’ मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ‘‘सांगितलं असतं तर तू गप्प बसला असतास? एक नंबरचा रडका होतास. भीती आहे म्हटलं की पोरं ओरडतात. शिक्षा म्हटलं की गप्प बसतात. म्हणून म्हटलं, चांगला झालास की उघडीन.’’ तिने बाही खाली ओढली. ताईला मी कधी आखूड बाहीत पाहिलेलं नाही. भर उन्हाळ्यात लोक तिची चेष्टा करतात, मीही केली आहे. फटीतली ती सावली का हलत नव्हती ते मला त्या क्षणी समजलं, आणि वाटलं, आता ह्या बाईला मी काय बोलणार? तिच्या पायांवर डोकं ठेवावं असं वाटलं, आणि त्याच वेळी तिच्या दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावं असंही वाटलं. तिने आयुष्यात एका पोराला मारापासून वाचताना पाहिलं होतं, ते कपाटात. त्यानंतर पट्टा गेला, वडील गेले, घर गेलं, पण कपाट तिने जपून ठेवलं.

‘‘पण इथे पट्टा कुणाच्या हातात आहे, ताई?’’ मी विचारलं. ‘‘बटणला तू कुणापासून लपवतेस?’’

तिने पुन्हा इस्त्री उचलली. ‘‘उद्या बाप्तिस्मा आहे. डोकं फिरवू नकोस माझं. तुझी पोर नको पाठवूस, जा. बाकीची येतीलच.’’

बाकीची येतीलच. दिवसभर ते माझ्या डोक्यात फिरत राहिलं. एका कार्यालयाच्या लिफ्टची शनिवारची तपासणी होती. दार उघडत होतो, लावत होतो, आतली घंटा वाजवून बघत होतो. लिफ्टचा कायदा सोपा आहे. आतल्या माणसाला बाहेरच्याला हाक मारता आलीच पाहिजे, आणि बाहेरच्याने ती ऐकलीच पाहिजे; हे नसेल तर लिफ्ट कितीही गुळगुळीत चालो, मी कुलूप लावून निघून येतो. बटणला पाठवायचं नाही हे तर ठरलंच होतं. सोपं होतं. एवढ्यावर थांबलो असतो तर ताईशी संबंध राहिले असते, चर्चला जाता आलं असतं, सणावाराला एका टेबलावर बसता आलं असतं. शेजारणीचं बाळ तीन-चार वर्षांचं झालं की ते जाईल, त्याचं ते बघेल. संध्याकाळी बायकोला ताईच्या बाहीचं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘त्यांच्यासाठी रडू येतंय मला. पण मी त्यांच्यासाठी रडत बसले तर ते दार कोण बघणार?’’ मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, ‘‘बघू म्हणजे नाही.’’ आणि कपडे आवरायला उठली.

आमच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक आईबापांना विचारतात, आणि मग बाकांकडे वळून सगळ्यांना विचारतात, ह्या लेकराला तुम्ही सांभाळाल का? सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं, सांभाळू. ज्याला उठता येत नाही त्याने हात वर करायचा. एकूण एक माणूस उभा राहिल्याशिवाय पाळक पाण्याला हात लावत नाहीत. माझ्या वेळी ताई बाकावर चढून ओरडली होती म्हणे, सांभाळू. ही गोष्ट तिने मला इतक्यांदा सांगितली आहे की मला ती आठवतेच असं वाटतं. रविवारी आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो, मधे बटण. पाण्याच्या पात्राशी शेजारीण, तिचा नवरा आणि पांढऱ्या झबल्यातलं बाळ. बाजूला ताई, घडी मोडू न देता टॉवेल दोन्ही हातांवर धरून. तिच्या मागे ते चित्राचं दार. पाळकसाहेबांनी विचारलं. बाकं करकरली, सगळे उठले. बायको उठली. बटण बाकावर चढली. मला उठायचं होतं, खरंच होतं. गुडघ्यांनी थोडी सुरुवातही केली होती. पण ‘सांभाळू’ हा शब्द उभं राहून म्हणायचा आहे हे आठवलं, आणि मी बसून राहिलो.

सगळ्यांचं सांभाळू म्हणून झालं. पाळकसाहेबांनी पात्राकडे हात नेला, मग त्यांची नजर बाकांवरून फिरली आणि माझ्यावर थांबली. त्यांना वाटलं असणार, बरं नाही. त्यांनी हात वर करून दाखवला, नुसता हात करा. मी मान हलवली. लोक वळून बघायला लागले. बाळ कुरकुरलं. ‘‘काय झालं?’’ पाळकसाहेबांनी विचारलं, हळूच, पण इतक्या शांततेत ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं.

‘‘मला नाही म्हणता येत,’’ मी म्हणालो. माझा तो प्रसिद्ध आवाज कुठल्या कुठे गेला होता. किरटा, पोरसवदा आवाज निघाला. ‘‘त्या दाराला बाहेरून मूठ आहे, आतून नाही. आपण त्यात पोरांना ठेवतो. माझी पोर लिफ्टमध्ये... आता ती डोळे मिटत नाही. मी सांभाळू कसं म्हणू? आधी ते दार बघा.’’

कुणीतरी ‘शू’ केलं. कुणीतरी म्हणालं, आजच्या दिवशी? पाळकसाहेबांचा हात गळपट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला. ते दाराकडे बघत नव्हते, बघायचं टाळत होते, आणि मला कळलं की त्यांनाही फटीतली सावली आठवते आहे. शेजारणीने बाळाला जवळ ओढलं आणि ताईपासून अर्धं पाऊल मागे सरकली. ते अर्धं पाऊल ताईने पाहिलं. तिचा चेहरा मी जन्मभर पाहत आलोय, पण तसा कधी पाहिला नव्हता. ‘‘काय आहे एवढं त्यात?’’ ती म्हणाली, सगळ्यांना. ‘‘वाघ आहे का आत? चार झगे आणि एक उशी. बघा, मीच जाते. बघा.’’ टॉवेल तसाच एका हातावर घेऊन ती गेली, मूठ फिरवून खांद्याने दार ढकललं, आत शिरली आणि पाठीने दार लावून घेतलं. खटका पडल्याचा आवाज आला. ताई त्या खोलीत ह्याआधी कधी दार लावून उभी राहिली नव्हती. राहील कशाला? ती नेहमी बाहेर असायची.

थोडा वेळ काही नाही. चित्रातला प्रभू आणि त्याच्या अंगाखांद्यावरची पोरं आमच्याकडे बघत होती. मग आतून भिंतीवर हात फिरल्यासारखा आवाज आला, मूठ शोधणारा. मग टकटक. बोटाच्या पेराने, हलकी, तीच. नंतर तळव्याने. नंतर आवळलेल्या मुठीने, आणि दारावरचं चित्र हादरायला लागलं. ‘‘अरे,’’ आतून आवाज आला, ताईचा होता आणि नव्हता, ‘‘अरे, उघडा ना.’’ कुणी हललं नाही. मी अडकलेल्या माणसांना बाहेर काढतो, तोच माझा धंदा, आणि मी बाकावरच बसून होतो. आणि भयंकर गोष्ट अशी की माझ्या तोंडात तो प्रश्न तयार होता. जिभेवर आला होता, त्याच ठेक्यात. झालीस का चांगली? माझ्या मनातून तो बाहेर पडायला धडपडत होता, इतकी वर्षं आत बसून राहिलेला, आणि मला खरोखर वाटत होतं की तिने उत्तर द्यावं, मगच कुणीतरी दार उघडावं. मी दातांवर दात दाबून धरले.

बाकावरून काहीतरी खाली उतरल्याचा आवाज आला. बटण होती. मी तिला धरायला हात पुढे केला तोवर ती रांगेतून निघाली होती. मधल्या वाटेने ती चालत गेली, धावली नाही. पाण्याच्या पात्राला वळसा घातला, पाळकसाहेबांच्या झग्याला घासून पुढे गेली. दारासमोर जाऊन थांबली. आतून ताईचा हात दारावर दाणदाण आपटत होता. माझ्या मुलीला तो प्रश्न पाठ होता. तिच्याइतक्या अलीकडे तो कुणीच ऐकला नव्हता. माझ्या बायकोची बोटं माझ्या दंडात रुतली होती. बटण टाचा उंच करून मुठीपर्यंत पोचली.

तिने काहीच विचारलं नाही. दोन्ही हातांनी मूठ फिरवली आणि दार उघडलं.

ताई झग्यांमध्ये उभी होती. टॉवेल चुरगळून छातीशी धरलेला, डोळे गच्च मिटलेले. उजेड आला तरी ते उघडेनात. बटणने तिची लांब बाही धरून ओढली.

‘‘आत्या, बाहेर ये,’’ ती म्हणाली. ‘‘बाळ रडतंय.’’